उभी गाडी का घुरघुरते

अम्मानजवळच्या सल्त गावातल्या त्या उताराच्या गल्लीत रुदैनाला सगळे मान द्यायचे, आणि थोडे वचकूनही असायचे. उमेदीची सगळी वर्षं तिने शिवणाच्या कारखान्यात काढली होती. पँटीचे खिसे शिवणाऱ्या बायकांच्या रांगेवर ती मुकादम होती. लग्न केलं नाही. आईवडिलांचं आजारपण काढलं, धाकट्या नायफला शिकवून मार्गी लावलं. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या बायका घरी बसल्या, रुदैना मात्र गाडी शिकली. ज्या वयात बायका गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतात त्या वयात ही बाई अम्मानच्या चौकात ट्रकवाल्यांना दटावून पुढे गाडी काढत होती.

मग नायफच्या खटपटीने चीनहून आलेली एक जुनी इलेक्ट्रिक गाडी दारात आली. नायफ कुवेतला एका शीतगृहात रात्रपाळीला असायचा. गाडी त्यानेच तिथून फोनवर शोधली, कागदपत्रं केली, आणि एके दिवशी ती झर्काच्या जकात आवारातून सुटून पांढरीशुभ्र गल्लीत उभी राहिली. रुदैना रोज सकाळी चार नर्सबायांना अम्मानच्या इस्पितळात नेई आणि दुपारी परत आणी. त्यावर तिचं उत्तम चालत होतं.

गाडीचं तिला सगळ्यात काय आवडलं असेल तर तिचं गप्प असणं. जन्मभर कानात शिवणयंत्रांची खडखड घेऊन जगलेल्या बाईला ती शांतता म्हणजे चैन वाटायची. चढाला लागली तरी गाडी हूं की चूं करत नसे. दारात लावली की पंखा जरासा फिरायचा, एक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा आणि गाडी झोपी जायची.

वसंत सरता सरता एका दुपारी मात्र ती झोपली नाही. रुदैनाने गाडी नेहमीप्रमाणे शेजारच्या अबू यझनच्या भिंतीशी लावली, कुलूप केलं, वर जाऊन जेवली, चहा घेतला. खिडकीतून कान दिला तर खाली घूंऽऽ चालूच. खाली जाऊन तिने गाडी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. बॉनेटखाली गाडी थंड ठेवणारा पाण्याचा पंप घुमतच राहिला आणि पंखा फिरतच राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

समोरच्या घरात वरच्या मजल्यावर उम्म जिर्यिस राहायची. तिची खिडकी बरोबर गाडीच्या डोक्यावर. तिने खिडकीतूनच हाक मारली, "रुदैना, पोरी, तुझ्या गाडीला दमा झालाय का? दुपारची डुलकी गेली माझी."

अबू यझन तर आनंदलाच. लष्करात ट्रक चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तीनंतर कुठल्याही बॉनेटमध्ये डोकं घालायला तो टपलेला असायचा. गल्लीतले आणखी दोघे-तिघे जमले. सेजचा सुगंधी पाला घातलेल्या चहाची किटली आली. एकाचं म्हणणं पंखा अडकलाय, दुसऱ्याचं म्हणणं गाडी चिनी आहे, तिला इथलं ऊन सोसत नाही. चीनमध्येही ऊन असतं, असं रुदैना म्हणाली आणि तो विषय तिथेच मिटला.

गंमत लवकरच संपली. रात्रभर गाडी घुमायची आणि सकाळी बॅटरी चांगलीच उतरलेली असायची. एका दुपारी परतीच्या चढावर बॅटरी पुरवायला रुदैनाला एसी बंद करावा लागला. चौघी नर्सबाया घामाघूम झाल्या. उतरताना त्यांच्यातली सगळ्यात मोठी, खितामबाई, हळूच म्हणाली की तिच्या दिराच्या ओळखीत एकाची व्हॅन आहे. रुदैनाला बोलण्यातली मेख कळली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी नर्सबायांना सोडून ती थेट वादी सीरच्या कारखाना वस्तीत सुफ्यानकडे गेली. सुफ्यान तरुण होता, इलेक्ट्रिक गाड्यांचा चांगला जाणकार आणि सरळ माणूस. त्याने लॅपटॉप जोडला, पंपाचं पाणी पाहिलं, नळ्यांमधली हवा काढली, लहान बॅटरी कमजोर वाटली म्हणून बदलली. लॅपटॉपवर एकही बिघाड दिसत नव्हता. गाडी त्याच्या दारात चांगली तासभर उभी राहिली, आणि आवाज म्हणाल तर काही नाही.

"मावशी, झालं काम," तो म्हणाला.

दुपारी नर्सबायांना घेऊन रुदैना गाणं गुणगुणत गावी आली. गाडी भिंतीशी लावली, कुलूप केलं, आणि पायरीवरच थांबली. पंप सुरू झाला. मागोमाग पंखा.

दुसरी एखादी रडकुंडीला आली असती. रुदैनाला मात्र चेव चढला. कारखान्यात एखादं यंत्र टाका सोडायला लागलं की सगळे तेलाची बुधली घेऊन धावायचे. ही आधी शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि ते कधी टाका सोडतं आणि कधी नाही एवढंच बघायची. तिने आताही तेच आरंभलं. अम्मानला इस्पितळाच्या दारात सकाळभर गाडी उभी असते, तेव्हा ती गप्प असते. सुफ्यानकडे गप्प होती. घुरघुरते ती फक्त घरी. मग घरी असं काय आहे?

अबू यझनकडे उत्तर तयार होतं. "उतार! गाडीचं नाक खाली, पाणी सगळं पुढे, मागे हवा. पंप बिचारा हवाच ढकलतोय."

म्हणणं पटण्यासारखं होतं. रुदैनाने गाडी उलटी लावली, नाक चढाकडे. आवाज आहे तसाच. सुफ्यानने फोनवर सांगितलं की किल्ली जवळपास राहिली तर काही गाड्या जाग्या राहतात. तिने किल्ली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून मागच्या खोलीत ठेवली. फरक नाही. मग तिने रेडिएटरवर हात ठेवला. गार. बॅटरीखालच्या पत्र्याला हात लावला. गार. म्हणजे थंड करण्यासारखं काही तापलेलंच नव्हतं, तरी पंखा फिरत होता. ती आत बसली आणि दिसेल तिथे तळवा टेकत गेली. गाडीच्या स्क्रीनमागे, समोरच्या कप्प्याच्या वरच्या अंगाला, हात ठेवताच तिने झटकन काढून घेतला. तिथे चांगलंच गरम होतं.

 तिने तिथूनच सुफ्यानला फोन लावला.

"मावशी, तिथे तर कॉम्प्युटर असतो," तो म्हणाला. तोही आता चेवाने बोलत होता. "गाडी झोपतच नाहीये. कॉम्प्युटर काहीतरी काम करतोय, तापतोय, म्हणून थंडावा चालू. पंपात काही नाही. कुणीतरी तिला जागं ठेवतंय."

"कोण?"

"ते तुम्ही शोधा. इथे तर कुणी ठेवत नाही."

रुदैनाने ठरवलं की गाडी गल्लीतून हलवूनच बघायची. वर चर्चजवळच्या सपाट जागेत तिने ती नेली आणि जागा अरुंद म्हणून नाक भिंतीला अगदी चिकटवून लावली. मागे एक पडकी पाण्याची टाकी. आवाज तिथेही चालूच राहिला. ती दार उघडं टाकून आतच बसली आणि आता पुढे काय याचा विचार करायला लागली. तेवढ्यात कुवेतहून नायफचा फोन आला.

नायफ एरवी शुक्रवारीच फोन करायचा. आज मधल्या वारी. त्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना, तुझी तब्येत ठीक ना, शेजारीपाजारी बरे ना. रुदैना हो हो म्हणत राहिली, तिचं लक्ष पंख्याकडे.

"मग गाडी भिंतीकडे तोंड करून का लावलीस?" नायफने विचारलं.

"जागा नव्हती म्हणून," ती बोलून गेली, आणि मग थबकली. गाडी चर्चपाशी आणल्याचं अजून तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. "तुला काय माहीत भिंत कुठे आहे ती?"

पलीकडे नायफ नुसता खाकरला.

"नायफ. तू आत्ता बघतोयस?"

"फोनवर दिसतं," तो कसनुसं म्हणाला. "गाडीच्या कॅमेऱ्यातून. गाडी माझ्या नावावर नोंदलीय ना, म्हणून... तू रागावू नकोस."

"ते नंतर. आधी बंद कर."

त्याने बंद केलं. रुदैना कान देऊन बसली. थोड्या वेळाने पंखा मंदावला, थांबला. मग पंप. आणि मग ती जुनी शांतता, जिच्यात चर्चच्या कौलांवरची कबुतरं ऐकू आली.

"लाव आता," ती म्हणाली.

"काय?"

"लाव म्हणते ना पुन्हा."

घूंऽऽ.

"बंद कर."

तिकडे नायफला काही उमजेना. इकडे त्याची बहीण स्टिअरिंगवर हात आपटून हसत होती. कितीतरी दिवस सगळ्यांनी पाणी, हवा, उतार, किल्ली यांच्यात शोधलेली खोट तिला सापडली होती आणि ती तिच्या स्वतःच्या भावाच्या खिशात निघाली होती. तिने त्याला आणखी दोनदा लावायला आणि बंद करायला लावलं, केवळ आनंदासाठी.

आनंद ओसरल्यावर मात्र तिने त्याला धारेवर धरलं. उम्म जिर्यिस उघड्या केसांनी वाळवण घालते, खालच्या मजल्यावरच्या तिच्या सुना दारात बसून भाजी निवडतात, आणि हा कुवेतला बसून बघतो? आईने हेच शिकवलं का? नायफने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की बायांकडे बघायला त्याने ते लावलंच नव्हतं. एकदा चुकून बटण दाबलं गेलं तर गल्ली दिसली. मग रात्रपाळीला तो फोन टेबलावर उभा करून ठेवू लागला. दिव्याखाली मांजर बसलेलं असायचं. पहाटे पाववाला जायचा. सकाळी खोलीवर येऊन तो झोपायचा, आणि दुपारी उठला की पुन्हा.

"मग मला फोन करायचा होतास. मी दाखवली असती गल्ली."

"तू फोन धरलास की सगळे नीट बसतात, रुदैना," तो म्हणाला. "हसतात, कधी येतोस विचारतात. मला नुसती गल्ली बघायची होती. मी नसताना असते तशी."

 तिने नाक ओढलं, रात्री नीट जेवत जा असं सांगितलं आणि फोन ठेवला.

खितामबाईंना तिने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं की दिराच्या ओळखीची व्हॅन दिराकडेच राहू द्या. सुफ्यान ऐकून इतका हसला की त्याला फोन बाजूला ठेवावा लागला. उरली गल्ली. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने कनाफाचं, म्हणजे पाकातल्या चीजच्या मिठाईचं, ताट घेतलं आणि दारोदार जाऊन खरं ते सांगितलं, नायफच्या वतीने माफी मागितली. अबू यझन बनियनवर अंगणात बसायचा, तो दिवसभर फुरंगटून राहिला. सुना लाजल्या, मग खिदळल्या. उम्म जिर्यिसचं दार रुदैनाने सगळ्यात शेवटी ठोठावलं.

म्हातारीने कनाफाचा तुकडा तोंडात टाकला. "आधी सांगितलं असतंस तर केस तरी विंचरले असते," ती म्हणाली. मग दुसरा तुकडा उचलत, "पोरगा एकटा पडलाय ग तिकडे."

तेव्हापासून असं ठरलं की कॅमेरा एरवी बंद. फक्त शुक्रवारी जेवणं आटोपली की रुदैना गाडी गल्लीच्या तोंडाशी लावणार आणि नायफला कळवणार. पंप सुरू झाला की सगळ्यांना समजायचं. पहिल्या शुक्रवारी लोक फोटोला बसल्यासारखे ताठ बसले. पुढे विसरले, आपापल्या भांडणांना आणि पत्त्यांना लागले, आणि नायफला हवं होतं ते मिळालं. अबू यझन तेवढा जाता-येता गाडीच्या दिव्यांना सलाम ठोकायचा आणि कुवेतचं तापमान विचारायचा.

ईदला नायफ रजेवर आला. बहिणीने मटण-भाताचा मन्सफ केला, नातेवाइकांनी आमंत्रणं दिली, पण तो कुठे जाईना. दारात खुर्ची टाकून बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायचा, कालच्या भांडणाचं काय झालं, मांजराला पिल्लं कधी झाली, सगळं विचारायचा. तिसऱ्या दिवशी उम्म जिर्यिसने खिडकी उघडली आणि रुदैनाला हाक मारून सांगितलं की हा गाडीत होता तेव्हाच बरा होता, निदान बोलत तरी नव्हता.