पाहुण्यांवाचून काही अडत नाही

कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला कोणी आपलं म्हणत नाही, आणि त्याला बोलावल्यावाचून कोणाचं भागतही नाही. प्रकल्प रखडला, साहेबलोक एकमेकांची तोंडं बघायला लागले, की त्याला निरोप जातो. तो येतो, सगळ्यांनी मिळून घातलेला घोळ निस्तरतो, आणि घडी बसली की त्याच्या हातात फुलांचा गुच्छ देऊन त्याला दारापर्यंत पोचवतात. या गोष्टीतल्या प्रकल्प व्यवस्थापकाचं निम्मं आयुष्य असल्या दारांतून ये-जा करण्यात गेलं. ओळखपत्राची पट्टी कायम नोकरीवाल्यांची एका रंगाची आणि याची दुसऱ्या, म्हणून एका कारखान्यात कोणीतरी याला ‘पाहुणे’ म्हटलं. पुढे जिथे जावं तिथे ते नाव यांच्या आधी जाऊन बसलेलं असे.

पाहुण्यांच्या सासऱ्यांना हे प्रकरण कधीच पटलं नाही. त्यांनी अख्खी नोकरी एकाच ऑफिसात, एकाच खिडकीपाशी काढली होती आणि निवृत्तीच्या दिवशी खुर्चीवरची उशीसुद्धा घरी आणली होती. जावई सुट्टीवर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘सध्या कुठे?’ त्या ‘सध्या’वर ते असा काही जोर देत की जावयाने फरार होऊन नाव बदललंय असं ऐकणाऱ्याला वाटावं. माणसात काही दम असता तर एव्हाना कोणीतरी ठेवून घेतला असता, असं ते लेकीला एकटीला गाठून सांगत आणि तेही जावयाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पाहुणे मात्र प्रत्येक ठिकाणाहून काहीतरी पदरात पाडून निघत. कागद कारखान्यात कामगारांच्या पुढाऱ्याशी त्यांचं वाजलं, तेव्हा त्यांना कळलं की भांडण मिटवायचं असेल तर बैठकीच्या खोलीत बसू नये. चालू यंत्राजवळ उभं राहावं, तिथल्या गोंगाटात कोणाला भाषण ठोकता येत नाही. बँकेत समजलं की ‘हो हो, करू या’ म्हणणारा काम कधीच करत नाही आणि ‘जमणार नाही’ म्हणून कुरकुरणारा संध्याकाळपर्यंत उरकून टाकतो. शीतगृहात तर एका कुलपाने त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. मालक परगावी, किल्ली मालकाच्या खिशात, आणि दाराबाहेर गाड्यांमध्ये मासळी. तेव्हापासून मोठ्या कामाच्या दिवशी ते कुलूपवाला आधी बोलावून ठेवत, मग बाकीचे सल्लागार. कायम नोकरीतल्या माणसाला एवढं शिकायला तीन जन्म लागले असते, आणि ते तिन्ही त्याने त्याच खिडकीपाशी घालवले असते.

शिवाय नव्या माणसाला एक सवलत असते. त्याने बावळट प्रश्न विचारले तरी कोणाला राग येत नाही. पाहुणे जन्मभर नवेच असल्यामुळे ही सवलत त्यांनी पुरेपूर वसूल केली. ‘मी नवीन आहे म्हणून विचारतो, ही सही कशाला लागते?’ असं ते अगदी भोळेपणाने विचारत. मग निघे असं की ज्या साहेबांची सही लागते ते केव्हाच निवृत्त झालेत, आणि ऑफिसचा माणूस दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन, त्यांची झोप होईपर्यंत ओसरीवर बसून ती सही आणतोय. आजवर हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण सगळे तिथे जुने होते.

पण पाहुण्यांचा खरा अभिमान वेगळाच होता. त्यांच्या हाताखाली प्रत्येक काम दोघांना यायलाच हवं, हा त्यांचा दंडक होता. एक आजारी पडला तर दुसऱ्याने उभं राहायचं. आणि यातून त्यांनी स्वतःलाही वगळलं नव्हतं. कामावर रुजू झाल्या दिवसापासून ते आपल्यामागे आपलं काम कोण करील, त्याला हेरून तयार करायला लागत. आपण उठून गेलो तरी कोणाला पत्ता लागू नये, याला ते काम म्हणत.

असं चाललेलं असताना त्यांच्या स्वतःच्या गावातलं जुनं हॉस्पिटल नव्या इमारतीत हलवायचं निघालं आणि ते कंत्राट पाहुण्यांना मिळालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते घरातून डबा घेऊन कामाला निघाले. पहिले काही दिवस बाहेर जाताना ते बायकोला विचारत, बाहेरून कडी घालू का. भाड्याच्या खोल्यांची सवय जाता जात नव्हती. पण मुलगी त्यांच्या विनोदांना हसायला लागली, आधी दयेने आणि मग खरोखर. तेवढ्यात बातमी आली की काम संपल्यावर नव्या इमारतीची व्यवस्था बघायला हॉस्पिटल एक कायम जागा काढणार आहे. पाहुण्यांना ती जागा हवी होती. इतकी कुठलीही गोष्ट त्यांना आजवर हवीशी वाटली नव्हती, आणि बायकोला तर त्यांच्याहून जास्त.

दुसरा उमेदवार हॉस्पिटलातलाच होता, भांडाराचे प्रमुख. औषधांपासून चादरींपर्यंत सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे, म्हणून त्यांना सगळे ‘जुडगेसाहेब’ म्हणत. एकाही किल्लीवर खूण नव्हती. कुठली कशाची ते त्यांनाच ठाऊक, आणि त्यांनाही रोज ठाऊक असेच असं नाही. खुणा करू या, दुसरा जुडगा बनवू या, असं पाहुण्यांनी सुचवलं तेव्हा जुडगेसाहेब तोंडभर हसून म्हणाले, ‘हो हो, करू या.’

हलवाहलवीच्या दिवशी सकाळी रुग्णांच्या खाटा एकेक करून निघाल्या, आणि भांडारापाशी येऊन बघतात तर कुलूप. जुडगेसाहेब केस कापायला गेले होते. पाहुण्यांनी हूं की चूं केलं नाही. व्हरांड्यात कुलूपवाला चहा पीत बसलाच होता. त्याने एकामागून एक कपाटं उघडून दिली, औषधं खाटांच्या मागोमाग नव्या इमारतीत पोचली, आणि काही अडलं होतं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. उरलं एक शेवटचं कपाट. तेवढ्यात जुडगेसाहेब ताजे केस घेऊन धावत आले. नेमक्या त्याच वेळी हॉस्पिटलच्या प्रमुख, मोठ्या डॉक्टरीणबाई, पाहणीला आल्या. जुडगेसाहेबांनी सगळ्यांना मागे सारलं, घाम पुसत पाच-सहा किल्ल्या लावून बघितल्या, आणि कपाट उघडलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत जुन्या उशा होत्या.

मग डॉक्टरीणबाई धरून तिघांच्या समितीपुढे मुलाखती झाल्या. पाहुण्यांना सगळं विचारून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

“समजा, उद्यापासून तुम्ही आलाच नाहीत. इथे काय काय अडेल?”

या प्रश्नासाठी माणूस जन्मभर तयारी करत होता. त्याचा चेहरा उजळला.

“काहीच नाही,” पाहुणे म्हणाले.

आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी ते पटवूनही दिलं. शस्त्रक्रियेच्या खोल्या कोण बघेल, जनरेटर कोण, त्या दोघांपैकी एक रजेवर गेला तर तिसरा कोण, आपलं स्वतःचं काम कालपासून कोण करतंय, सगळं घडाघडा सांगितलं. समिती थक्क झाली. असं काम पाहिलं नव्हतं, असं तिघेही म्हणाले.

मग जुडगेसाहेबांना हाच प्रश्न विचारला. बाहेरच्या शिपायाने दाराच्या फटीतून पाहिलं त्याप्रमाणे, त्यांनी जुडगा कमरेचा काढून टेबलावर ठेवला आणि एक लांब सुस्कारा सोडला. तेवढ्यात भांडारातून एक परिचारिका धावत आली, कपाट उघडत नाही म्हणून. समितीने मुलाखत थांबवून त्यांना जाऊ दिलं.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी पाहुण्यांना स्वतः बोलावलं, चहा मागवला. त्या मनापासून बोलल्या. इतकं चोख काम झालंय की आता ते बघायला कोणी लागणारच नाही, त्यासाठी पगार कसा मंजूर करून घ्यायचा? आणि जुडगेसाहेबांना दुखवून चालणार नव्हतं, ते गेले तर भांडारच बंद पडेल, म्हणून जागा त्यांनाच दिली होती. गुच्छ मात्र या वेळी मोठा होता.

सासऱ्यांनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. एवढं साधं उत्तर देता येऊ नये? त्यांच्या ऑफिसात त्यांच्याशिवाय एक फाईल कोणाला सापडत नसे, आणि ती सापडणार नाही याची त्यांनी जातीने काळजी घेतली होती.

बायको स्वयंपाकघरात मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरीणबाईंना दोन शब्द सुनावले, मग नवऱ्याला सुनावले, आणि मग तिचा राग कुठे जावं ते न कळून तिथेच बसला.

“मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं,” ती म्हणाली. “नळ गळला तर मी बघते. पोरीची शाळा मी बघते, बाबांचं दुखणंखुपणं मी बघते. तुझ्यावाचून घरात काही अडत नाही.”

“म्हणजे घडी नीट बसली आहे,” पाहुणे म्हणाले. सवयीने तोंडातून निघून गेलं, आणि निघताक्षणी जीभ चावावी असं त्यांना झालं.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. “अडत नाही म्हणून माणूस नकोसं होतं का रे?” तिने विचारलं. पाहुण्यांना रडू आलं. ते तिच्या शेजारी बसले आणि मटार सोलायला लागले.

पुढचं काम दूरच्या बंदरावरचं होतं. आठवडाभरात तिकडून दोनदा विचारणा झाली, घरात दुसरा पगार नव्हता, आणि पाहुणे निघाले. मुलगी शाळेत गेली होती. बायको बॅग उचलून जिन्याखाली आली. गाडीत बसताना, जाणारा माणूस म्हणतो तेच ते म्हणाले, “काही अडलं तर फोन कर.”

“अडत नाही काही,” ती म्हणाली. “तरी करीन.”