साहेबांच्या खारोड्या

महाराष्ट्र राज्य झालं, बुलढाण्याच्या कचेरीत पुण्याकडचे साहेब येऊ लागले, आणि देऊळघाटच्या अर्जुनरावांनी 'मले', 'तुले' बोलणं सोडून दिलं. नव्या राज्यानं गावात दुसरा काही फरक पडला असेल-नसेल, हा एक मात्र पडला. त्यांचा बाप 'काऊन बे' म्हणत जगला आणि तसाच गेला. अर्जुनराव आता दाराशी सायकल टेकवून आत येताना "अगं, पाणी आण जरा" म्हणू लागले. पहिल्या दिवशी बायकोनं, जनकाबाईनं, मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, यांच्याबरोबर कोणी पाहुणी आली की काय.

लेकरांनाही त्यांनी 'माय' सोडून 'आई' म्हणायला लावलं. मोठा सुधाकर आणि मधली नलू बापासमोर 'आई' म्हणत, आणि बापाची सायकल नदीच्या उताराला लागली की "माय व" करत जनकाबाईच्या पदराला लोंबत. धाकटी शकू चार वर्षांची. तिला भूक लागली की ती आई-माय काहीच म्हणायची नाही, नुसती "खारोडी!" म्हणून ओरडायची.

अर्जुनराव कचेरीत कारकून होते. हेडक्लार्कची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती. ती दरसाल लवकरच रिकामी होणार असायची. ती मिळावी म्हणून दुसरे कारकून काम करत, अर्जुनराव खारोड्या नेत.

जनकाबाईच्या हातच्या खारोड्यांना गावात नाव होतं. बाजरी भिजवायची, सडायची, भरड काढायची, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि चिमटीचिमटीनं खाटेवरच्या जुन्या धोतरावर घालायचा. चैत्राच्या उन्हात कडकडीत वाळला की मग पावसाळाभर लेकरांच्या तोंडाला दुसरं काही लागत नसे. शाळेतून आलं की मूठभर तळून, वर कांदा. बाकीच्यांच्या खारोड्यांत शेंगदाण्याचं कूट असायचं. जनकाबाईच्या प्रत्येक खारोडीच्या माथ्यावर शेंगदाण्याची एक पाकळी टोचलेली असायची. ते काम शकूचं. त्या आधी नलूचं होतं, तिच्या आधी सुधाकरचं.

साहेब नवे होते त्या वर्षी अर्जुनरावांनी 'थोड्या चवीला' म्हणून पुडाभर खारोड्या नेल्या. दुसऱ्या वर्षी डालड्याचा अख्खा डबा नेला. तिसऱ्या वर्षीही डबाच. घरात राहिला तो डब्याच्या बुडाचा चुरा. तो जनकाबाई वाटीत घ्यायची, वर कच्चं तेल सोडायची आणि तिघांना वाटून द्यायची. लेकरं बोटं चाटत खायची, म्हणून तर तिच्या जिवाला जास्त लागायचं.

"साहेब काय म्हणाले?" तिनं दरवर्षी विचारावं.

"काय म्हणणार! माझ्यासमोर दोन कच्च्याच तोंडात टाकल्या. म्हणाले, अर्जुनराव, ही चव आमच्या पुण्यात नाही." एवढं सांगून अर्जुनराव मिशीवरून बोट फिरवायचे. साहेबांच्या बंगल्यातल्या गप्पा त्यांच्याजवळ पुष्कळ असत. साहेब खुर्ची पुढं ओढून देतात, बाईसाहेब चहा पाठवतात, चहात विलायची असते. ऐकताना नलूचं तोंड उघडं राहायचं. जनकाबाई मात्र चुलीत लाकूड सारायची. घरी चहात साखर कमी पडली तर आरडाओरडा करणारा माणूस बंगल्यातल्या विलायचीनं एवढा सुखावलेला पाहून तिला हसू यायचं, पण ते ती धुराच्या खोकल्यात दडवायची.

यंदा तिनं आधीच सांगून ठेवलं. "अजी, ऐकलं का? अवंदा दोन डबे करते. एक तुमच्या साहेबाचा, एक माह्या लेकरांचा. मंग मले काही मागू नोका."

"बरं, बरं," अर्जुनराव म्हणाले. "आणि 'माह्या' नाही. 'माझ्या' म्हण."

दुप्पट बाजरी सडताना तिच्या दंडाला गोळे आले. घाटा शिजला त्या सकाळी तिघंही ताटल्या घेऊन चुलीपुढं बसले. तिनं प्रत्येकाच्या ताटलीत गरम घाट्याचा ढीग घातला, मधोमध खळगा केला आणि त्यात तेलाची धार सोडली. शकूनं जीभ भाजून घेतली, रडली, आणि रडता रडता पुन्हा घास घेतला. दुपारी गच्चीवरच्या खाटेवर खारोड्या घालून झाल्या आणि सुधाकरला काठी देऊन राखणीला बसवलं. संध्याकाळी जनकाबाई वर गेली तर खाटेच्या चारी कडा मोकळ्या.

"काऊन रे? कावळा आला होता?"

"हाव माय. दोन होते."

"लय शिस्तीचे दिसतात. मधातल्याले चोच लावली नाही, कडेकडेनंच खाल्लं." तिनं त्याच्या हनुवटीला चिकटलेला तीळ पुसून टाकला. सुधाकर खाली पाहत हसला. ओल्या खारोड्या खाऊ नयेत, पोट दुखतं, असं तिनं म्हणायला पाहिजे होतं. ती म्हणाली नाही. तिलाही लहानपणी ओल्याच आवडायच्या.

पहिला डबा रविवारी सायकलच्या कॅरियरवर सुतळीनं बांधून गेला. लेकरांचा डबा तिनं फळीवर ठेवला आणि शकूला उचलून दाखवला. "हा तुहा. अर्धा तुहा, अर्धा या दोघायचा."

चार-सहा दिवसांनी अर्जुनराव कचेरीतून आले आणि जोडे न काढताच फळीकडं पाहून म्हणाले, "तो डबाही सोमवारी न्यावा लागेल."

"कोनता?"

"साहेबांच्या सासूबाई आल्यात पुण्याहून. साहेबांनी स्वतः सांगितलं, अर्जुनराव, तुमच्याकडच्या त्या... खारोड्या आणा. खुर्चीचा कागद या महिन्यात वर जाणार आहे. आत्ता नाही म्हणायचं?"

"तो लेकरांचा आहे जी. तुम्ही हो म्हणाले होते."

"लेकरांचं काय! फुटाणे आणून देईन. शेगावला गेलो की प्रसादाची गोड चिरंजी आणीन. लेकरं काय हेडक्लार्क करणार आहेत मला?"

शकूला सगळं कळलं नाही, पण 'डबा' आणि 'नेणे' हे दोन शब्द कळले. ती फळीखाली जाऊन उभी राहिली आणि जेवायला येईना. जनकाबाईनं नवऱ्याशी वाद घातला नाही. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक डब्याची सुतळी तिनं स्वतःच्या हातानं बांधली होती. आता कोणत्या तोंडानं वाद घालायचा, हाही एक प्रश्नच होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि सुधाकर फाटका सदरा घेऊन घरी आला. गालावर ओरखडा.

"चंद्रभानले हाणलं म्या," तो म्हणाला. "चोर आहे तो. त्याच्या खिशात आपल्या खारोड्या होत्या."

"आपल्या कशावरून? खारोड्या गावभर करतात."

सुधाकरनं मूठ उघडली. एकच खारोडी होती, आणि तिच्या माथ्यावर शेंगदाण्याची पाकळी.

चंद्रभान म्हणजे कडूबाचा पोरगा. कडूबा अर्जुनरावांच्याच कचेरीत शिपाई. नावाला कचेरीत, राबायला साहेबांच्या बंगल्यावर. नदीकडच्या गल्लीत त्याचं घर. जनकाबाईनं डोक्यावरून पदर घेतला, सुधाकरचा दंड धरला आणि तडक तिकडं गेली.

"तानाबाई, भाईर ये व!" तिनं दारातूनच हाक मारली. "पोट्ट्याले आवर. माह्या गच्चीवर चढून खारोड्या नेते अन् शाळेत मिरवते."

कडूबाची बायको तानाबाई हात पुसत बाहेर आली. मागून चंद्रभान डोकावला. त्याचा ओठ सुजला होता. तानाबाईनं जनकाबाईकडं पाहिलं, सुधाकरच्या मुठीकडं पाहिलं, आणि आत गेली. परत आली ती डालड्याचा डबा घेऊन. डब्याच्या कानाला सुतळी होती, आणि सुतळीला जनकाबाईची गाठ.

"चोरी नाही बाई," ती म्हणाली. "बाईसाहेबानं देल्ला. मांगच्या सालीही देल्ला, त्याच्या मांगच्याही."

"साहेबाच्या बाईनं?"

"हाव. त्यायले लसणाचा वास चालत नाही म्हणे. म्हणतात, कडूबा, हे घरात ठेवू नको, मुंग्या होतात, घेऊन जा."

"अन् साहेब? साहेबानं तर आमच्या मालकासमोर खाल्ल्या."

तानाबाईनं डबा खाली टेकवला. मग हळूच म्हणाली, "साहेबाले दाखवतच नाहीत व माय. तुमचे मालक येतात, पायरीवर डबा ठेवतात, बंद दाराले नमस्कार करतात अन् जातात. आमचे बागेत पाणी घालत राहतात, ते पाहतात. मंग बाईसाहेब हाक मारतात."

"तीन साल झाले! सांगतलं काऊन नाही?"

"आमचे म्हणे, बोलजो नोको. बाबूजीले वाईट वाटीन."

जनकाबाईला आधी राग आला होता. तो कुठं ठेवावा ते तिला समजेना. तीन वर्षं तिचा नवरा बंद दारापुढं कमरेत वाकत होता, आणि झाडांना पाणी घालणारा शिपाई त्याची लाज राखत होता. आणि घरी खुर्ची, विलायची, 'ही चव पुण्यात नाही'!

"बऱ्या लागतात का पोरायले?" तिनं विचारलं.

"बऱ्या? शेंगदाणा कोणाले जास्त आला, यावरून रोज भांडण आहे आमच्या घरी."

खारोड्यांचं एवढं खरं कौतुक जनकाबाईनं तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तिनं सुधाकरच्या पाठीत एक धपाटा घातला. "पाहून काय राह्यला? पाया पड तानाबाईच्या. अन् चंद्रभानले ती खारोडी वापस दे."

येताना सुधाकरनं विचारलं, "माय, बाबा बंगल्यात जातच नाहीत?"

"घरी चाल. हातपाय धू."

सोमवारी अर्जुनरावांनी इस्त्रीचा सदरा घातला, सायकल पुसली आणि हाक दिली, "अगं, डबा दे."

डबा शकूच्या मांडीत होता आणि शकू उंबऱ्यावर बसली होती. जनकाबाई भाकरीचे हात घेऊन बाहेर आली.

"बुलढाण्यापावतर कायले नेता?" ती म्हणाली. "सायकलवर हिंदकळून चुरा होते. कडूबाचं घर नदीकडच्या गल्लीत आहे. सुधाकर देऊन येईन."

"कडूबाचा काय संबंध?"

"अखेर तिथंच जाते नं."

अर्जुनरावांनी घंटी उगाच एकदा वाजवली. "काहीतरी बोलू नकोस. साहेबांच्या सासूबाई वाट पाहत असतील. स्वतः साहेबांनी मला बसवून..."

"कोठं बसवलं जी? पायरीच्या अलीकडं, का पलीकडं?"

"म्हणजे?"

"काही नाही. बंगल्यात खुर्च्या वेताच्या आहेत का लाकडाच्या, तेवढं सांगा. नलू रोज विचारते."

नलू खरंच पुढं येऊन उभी राहिली, उत्तर ऐकायला. अर्जुनरावांनी तिच्याकडं पाहिलं, सुधाकरकडं पाहिलं. सुधाकरनं मान खाली घातली, तेव्हा त्यांना कळलं की हे पोरालाही माहीत आहे.  पुण्याकडची सगळी भाषा एकदम कुठं तरी पळाली.

"कोनं सांगतलं तुले?" ते म्हणाले.

"माय व!" नलू आनंदानं ओरडली. "बाबा 'तुले' म्हणाले!"

मग तिघंही हसायला लागली. शकूला कशाचं हसू आहे ते माहीत नव्हतं, ती डबा वाजवून हसत होती. अर्जुनरावांनी सायकलला टांग मारली आणि मोकळं कॅरियर खडखडत गल्लीतून गेलं. सासूबाई खरंच आल्या होत्या की नाही, हे जनकाबाईनं पुढंही विचारलं नाही. बंद दारानं निरोप तरी कसा द्यावा?

तिनं त्याच सकाळी, सण नाही वार नाही, कढई चढवली. डब्याचं झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटलं आणि वरच्या, अख्ख्या खारोड्या तळल्या. लेकरांनी पोटाला तडस लागेपर्यंत खाल्ल्या. एक वाटीभर सुधाकरच्या हाती चंद्रभानकडं गेल्या, झाकून नाही, उघड्या, सगळ्या गल्लीला वास येईल अशा.

अर्जुनराव संध्याकाळी आले आणि जेवायला बसले. लेकरांच्या ताटात खारोड्या होत्या. त्यांनी हात पुढं केला तर शकूनं आपलं ताट मागं ओढलं आणि मोठ्या समजूतदारपणे चुऱ्याची वाटी त्यांच्याकडं सरकवली. घरात चुरा खायचा असतो, एवढंच तिला जन्मापासून माहीत होतं. बापानं तो खाल्ला. वर कच्चं तेलही मागून घेतलं.

हेडक्लार्कची खुर्ची त्या साली दुसऱ्यालाच मिळाली. पुढच्या चैत्राआधी साहेब बदलून गेले आणि नवे आले ते नागपूरकडचे. ते घरी 'मले', 'तुले' बोलतात, अशी बातमी कचेरीत पसरली. तिसऱ्या दिवशी अर्जुनराव दाराशी सायकल टेकवून आत आले आणि म्हणाले, "अवो, पानी आन बरं. अन् ऐक, नव्या साहेबाले तिखट चालते म्हणे."

जनकाबाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. मग फळीवरचा लेकरांचा डबा काढून तो शकूच्या मांडीत दिला.

"इले विचारा," ती म्हणाली.