बाईंनी नेलेली चित्रं

मला चित्र काढायला शिकवलं ते एका स्विस बाईंनी. नवऱ्याच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीमुळे त्या नागपूरला आल्या आणि भाड्याच्या घराच्या गच्चीवर शिकवू लागल्या. स्वतः नावाजलेल्या चित्रकार. तरी आम्हा सहा जणींचे कागद फरशीवर मांडून, गुडघे टेकून बघायच्या. "सुंदर नहीं. सच्चा," एवढंच त्यांचं हिंदी.

कामठीला माझी आई यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. बाई एकदा घरी जेवायला आल्या आणि आईच्या हातांकडेच बघत बसल्या. जाताना इंग्रजीत म्हणाल्या, "रोज हेच काढ." मी वर्षभर आईचे हात काढले. सुताने चिरलेलं बोट, सुजलेलं मनगट, झोपेतही आखडलेली मूठ.

बाई कायमच्या परत निघाल्या तेव्हा त्यांनी ती चित्रं मागितली. तिकडे माझ्या नावाने दाखवणार होत्या. मी सगळी दिली. एकाचाही फोटो काढून ठेवला नाही. त्यांच्यावर एवढी शंका घेणं मला पाप वाटलं असतं.

पुढे मेल विरळ झाले. गेल्या वर्षी मोबाईलवर त्यांच्या प्रदर्शनाचा व्हिडिओ दिसला. भिंतभर कॅनव्हासवर तेच हात. आई शेजारी मेथी निवडत होती. तिने मान वाकवून पाहिलं.

"हा त माहा हात होय. तू काढला होता न वं?"

"हो."

"मंग खाली तिचं नाव काहून?"

मी बाईंना विचारलं. उत्तर लांबलचक आलं. माझी ती कच्ची रेखाटनं होती, चित्रं त्यांनी केली. शिवाय, बघायला मला कोणी शिकवलं? हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी फक्त माझे कागद परत मागितले. घर बदलताना हरवले, असं त्यांनी कळवलं. त्याच व्हिडिओत, मुलाखत देताना, त्यांच्या पाठीमागे तेच कागद चौकटीत लावलेले दिसत होते.

प्रदर्शनवाल्यांना लिहिलं. कोणी उलट कळवलं नाही.

मग एका दुपारी आईच येऊन समोर बसली. हात मांडीवर ठेवून म्हणाली, "काढ पुन्हा. माहे हात त कोणी नेले नाही न."

मी कोळसा उचलला. पहिल्याच रेघेला कानात बाईंचा आवाज आला, सच्चा, सच्चा, आणि माझा हात थांबला.

"नाही जमून राहिलं का?" आईने विचारलं.

"नाही."

ती उठली नाही. तशीच बसून राहिली.