न साठवलेला पाळणा

मंगरूळपीरला बस स्टँडकडून दर्ग्याकडे जाताना, चपलांच्या दुकानाला लागून, जमशेदचं दुकान आहे. फलकावर अजून वडिलांच्या काळातलं 'रेडिओ-टेप रिपेअर' दिसतं. त्याखाली जमशेदनं 'कॉम्प्युटर' एवढा एकच शब्द वाढवला. आत उजेड कमी. भिंतीशी सीपीयूंची उतरंड, पोटं उघडी, वायरी बाहेर आलेल्या. बंद पडलेल्या वस्तूंना स्वतःचा एक वास असतो. धुळीचा, तापलेल्या प्लास्टिकचा आणि वाट पाहण्याचा.

ही यंत्रं बहुतेक शाळांनी आणि कचेऱ्यांनी टाकून दिलेली. नवं विंडोज त्यांना पेलत नाही. जमशेद ती लॉटमध्ये आणतो, पुसतो, त्यांच्यावर विंडोजऐवजी चालणारं हलकं, फुकटचं लिनक्स टाकतो आणि खेड्यापाड्यांत देतो. लोक त्याला 'जमशेदभाईचं विंडोज' म्हणतात. सुरुवातीला तो चूक दुरुस्त करायचा. आता नाही करत.

दिवसभर त्याचा फोन कानाला असतो.

"प्रिंटर रुसला? यादीतून काढा त्याले, वायर काढा, पुन्हा लावा, पुन्हा यादीत घ्या."

"आवाज नाही येत? मंग आवाज टीव्हीच्या वायरीत चालला असंन. सेटिंगमधी स्पीकर निवडा."

"अपडेट झाल्यावर वायफाय गेलं? चालू होताना जुनी आवृत्ती निवडा. हो, जुनी. नवी राहू द्या पडून."

ज्यांना एवढं सांगून जमत नाही त्यांच्यासाठी, किंवा समोर गिऱ्हाईक उभं असेल तेव्हा, एकच सल्ला ठरलेला. बंद करा आणि चालू करा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यानं काम भागतं. त्याची बायको ताजबी त्यावरून त्याला टोचते. मागे तिला ताप भरला तेव्हा ती पांघरुणातून म्हणाली होती, "अजी, मुझे भी बंद करके चालू करो ना." तो हसला होता.

त्याची आणखी एक सवय होती. जुनी हार्डडिस्क संथ असते, म्हाताऱ्या माणसासारखी दर पावलाला थांबते. म्हणून प्रत्येक यंत्रात तो एक बदल करून द्यायचा. प्रोग्राम काम करताना ज्या कच्च्या फाइली बनवतात, त्या डिस्कवर न ठेवता थेट मेमरीत ठेवायच्या. डिस्कला विसावा मिळतो, यंत्र पळायला लागतं. वीज गेली की मेमरी कोरी होते, पण कच्च्या फाइली कोणाला लागतात? गिऱ्हाइकं खूश असायची. याचा जमशेदला थोडा अभिमानही होता.

पंजाबरावांच्या घरचं यंत्र त्यानंच दिलेलं. पंजाबराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. शेलूबाजारच्या रस्त्यावर त्यांचं गाव. मुलगा विनोद परीक्षांचा अभ्यास करायचा तेव्हा ते यंत्र घेतलं होतं. विनोद नोकरीला नाशिकला गेला आणि यंत्र मागच्या खोलीत राहिलं. अधूनमधून बेबीताई त्यावर कापड टाकायच्या, उचलायच्या, पुसायच्या, पुन्हा टाकायच्या.

बेबीताई म्हणजे पंजाबरावांची बायको. आसपासच्या गावांत बारसं असलं की बेबीताईंना बोलावणं यायचं. पाळणा त्या स्वतः रचायच्या. आईबापाचं नाव, गावाचं नाव, त्या वर्षीचं पीकपाणी, सगळं त्यात यायचं. एकदा म्हटलेला पाळणा त्या दुसऱ्या लेकरासाठी कधी म्हणत नसत. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "ते त्याचं हाय. याचं याले वेगळं."

गेल्या वर्षी त्यांची मुलगी सरिता हिला पुण्यात दिवस गेले आणि त्याच सुमारास बेबीताईंच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते पंजाबरावांनी त्यांच्यापासून लपवलं. बेबीताईंनी काही विचारलं नाही. त्यांनी जमशेदला बोलावून घेतलं एवढंच.

जमशेद माइक घेऊन गेला. आवाज भरायचा प्रोग्राम यंत्रात टाकला, पडद्यावर उघडून दिला.

"हे लाल बटन दाबा, ताई. गायचं. झालं का हा चौकोन दाबा. आयकायचं असंन तर हे लांबडं बटन."

"म्हंजे टेपसारखं?"

"टेपसारखंच."

"मंग येते मले. आमच्या घरी होता टेप. तुमच्या अब्बानंच दुरुस्त केला होता."

"एकडाव गाऊन दाखवा ना. आवाज किती येते ते पाहू."

"आता?" त्या हसल्या. "लेकरू नाही, झोळी नाही. तुमाले झोपी लावू का?"

पंजाबराव दारातून म्हणाले, "लावून दे. गिऱ्हाइकाइचे फोन तरी बंद होतीन."

सगळे हसले. जमशेद चहा पिऊन निघाला. फाइल साठवायची असते, तिला नाव द्यायचं असतं, हे त्यानं सांगितलं नाही. टेपसारखंच, असं तो म्हणून बसला होता आणि टेपवर भरलेलं वेगळं साठवावं लागत नाही. बटन दाबलं, फीत फिरली, झालं.

बेबीताईंनी दार लावून घेऊन पाळणा म्हटला. पंजाबराव अंगणात बसून होते. लेकरू मुलगा होईल की मुलगी हे माहीत नव्हतं. नाव तर नव्हतंच. म्हणून नावाच्या जागी त्यांनी शब्द ठेवला नाही, नुसता हुंकार दिला. ती जागा भरायला आपण नसणार हे त्यांना कळलं होतं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "भरून ठेवला. सरीले सांगजा." त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

मयतीला आलेली माणसं गेली, विनोद नाशिकला परतला, सरिताला डॉक्टरांनी प्रवास करू दिला नव्हता. एका संध्याकाळी पंजाबराव मागच्या खोलीत गेले. पडदा काळा होता. माउसला हात लागला तसा उजळला. निळ्या रेघांचा एक पट्टा दिसला, कुठे उंच, कुठे बारीक. त्यांनी लांबडं बटन दाबलं.

पंजाबरावांच्या मोबाइलात बायकोचे फोटो होते, आवाज नव्हता. घरात रोज ऐकू येतो तो आवाज कोण भरून ठेवतं?

त्या दिवसापासून यंत्र बंद झालं नाही. बंद केलं तर पुन्हा हे पान कसं उघडायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि कोणाला विचारायचंही नव्हतं. गावात वीज सारखी जाते; बेबीताईंच्या आजारपणात बसवलेल्या इन्व्हर्टरवर यंत्र आतापर्यंत तगलं होतं, त्याला त्यांनी आता मोठी बॅटरी घेतली. संध्याकाळी दिवा लावायचा, मागच्या खोलीत जायचं, बटन दाबायचं. सरिताला एकदा फोनवर ऐकवायला घेतलं, पण पहिल्याच ओळीला ती म्हणाली, "बाबा, नका लावू. आता नाही आयकू शकत मी. बारशाला आयकीन."

जमशेदला यातलं काही माहीत नव्हतं.

कामाशिवाय चालू राहिलेलं यंत्र हळूहळू भरत जातं. थोडी मेमरी इकडे अडकते, थोडी तिकडे, आणि एक दिवस श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्या संध्याकाळी पंजाबरावांनी बटन दाबलं तर आवाज आला नाही. बाण हलेना. त्यांनी फोन लावला.

जमशेदच्या समोर जातीच्या दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला रांग लागली होती. अडकलेल्या यंत्रालाही एक मागचं दार असतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन एकदम दाबलं की काळा पडदा येतो. तिथून सगळं तसंच ठेवून अडकलेलं तेवढं सोडवता येतं. जमशेदला ते येत होतं. फोनवर सांगायला वेळ लागला असता, एवढंच.

"बंद करून चालू करा, दादा."

"काही होनार नाही ना?"

"काही नाही होत. मोठं बटन दाबून धरा."

पंजाबरावांनी दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते दुकानात आले. सीपीयू बेबीताईंच्या जुन्या पातळात बांधलेला होता, मांडीवर ठेवून आणलेला.

"जय भीम, जमशेदभाई. थे पाळन्याचं पान कुठं गेलं पहा बरं."

"जय भीम, दादा. कोनतं पान?"

मग त्यांनी सांगितलं. लाल बटन, निळ्या रेघा, रोजची संध्याकाळ. जमशेद ऐकत होता आणि त्याच्या हातातला पेचकस हळूहळू खाली टेकत होता. त्यानं एकच विचारलं, "ताईनं त्याले नाव दिलं होतं का? साठवलं होतं?"

"भरून ठेवला म्हने ती."

जमशेदनं यंत्र जोडलं. उत्तर त्याला माहीत होतं, तरी शोधलं. सगळे फोल्डर पाहिले, कचरापेटी पाहिली. पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून, पुसलेल्या फाइली हुडकणारा प्रोग्राम अख्ख्या डिस्कवर फिरवला. विनोदच्या प्रश्नपत्रिका निघाल्या, कोणाच्या लग्नाचे अर्धवट फोटो निघाले. दुपार झाली. ताजबीनं घरून दोन डबे पाठवले. पंजाबरावांनी त्यांच्या डब्याला हात लावला नाही.

"इंजिनातलं ऑइल गळून गेलं तरी खाली डाग राह्यते, जमशेदभाई. डाग तर असंन?"

"डाग बी नाही राह्यत, दादा. डिस्कवर नव्हतंच ते. मेमरीत होतं. वीज तुटली का ते कोरं."

"मंग इतके दिवस कसं होतं?"

"तुमी बंद नव्हतं केलं म्हनून."

बाहेर एक गाडी डेपोत वळली. पंजाबरावांचं लक्ष नेहमी इंजिनाच्या आवाजाकडे जायचं. आज गेलं नाही.

जमशेदला गप्प राहता आलं असतं. डिस्क खराब झाली, एवढं वाक्य पुरलं असतं. दुकानात रोज कोणी ना कोणी ते खरं मानून जातं. पण तो बोलत गेला. मशीन पळावी म्हणून कच्च्या फाइली मेमरीत मी ठेवल्या. टेपसारखं म्हटलं मी. बंद करा म्हटलं तेव्हा पडद्यावर काय उघडं आहे, हे मी विचारलंच नाही.

पंजाबराव त्याच्याकडे वळले.

"मंग मले हे कायले सांगून राह्यले तुमी?"

जमशेद सीपीयूच्या वायरी सोडवू लागला.

"मशीन बिघडली म्हटलं असतं, तर मी मशीनले शिव्या देल्या असत्या. आता तुमाले कशा देऊ? तुमी तिच्या मयतीले खांदा देला."

त्यांनी पातळाची घडी केली आणि काखेत घेतली. सीपीयू तिथेच ठेवून ते निघून गेले.

त्यानंतर जमशेद फोनवर तोच सल्ला द्यायचा, पण त्याआधी विचारायचा, "समोर काय उघडं हाय?" लोक चिडायचे. "काहून, तुमाले काय करायचं?" असं म्हणायचे. एकदा कोणी सांगितलं, पत्त्यांचा खेळ. जमशेदनं त्यालाही खेळ बंद करायला लावला आणि मगच पुढचं सांगितलं. ताजबी हे ऐकायची. आता ती टोचत नव्हती.

पंजाबरावांचं यंत्र त्यानं टेबलाखाली ठेवलं. तो मेमरीचा बदल त्यानं त्यातून काढून टाकला. यंत्र संथ झालं. नंतर आलेल्या प्रत्येक यंत्रातून तो हा बदल काढत गेला.

थंडी सरता सरता पंजाबराव पुन्हा आले. दाढी वाढलेली. त्यांनी स्टूल ओढलं.

"सरीले पोरगी झाली. आइतवारी बारसं हाय. ती विचारून राह्यली पाळना."

"तिले सांगतलं नाही?"

"कसं सांगू?" त्यांनी स्टूल आणखी पुढे घेतलं. "मले शब्द येतात. रोज आयकले ना. तुमी भरा."

जमशेदनं त्यांचंच यंत्र टेबलाखालून काढलं, माइक लावला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. पंजाबरावांनी कधी गाणं म्हटलेलं नव्हतं. डेपोत त्यांचा आवाज इंजिनावरून ऐकू जायचा, तसाच तो दुकानात फुटला.

"पऱ्हाटीचं बोंड फुटलं, उजळलं गं रान,
सरीच्या या झोळीमंदी पहिलं कवळं पान..."

शब्द होते. चाल नव्हती. चाल जिथे वर जायची तिथे त्यांचा हात वर जात होता आणि आवाज खालीच राहत होता. प्रत्येक कडव्यानंतर जमशेद साठवत होता.

मग ते थांबले. जमशेदनंही भरणं थांबवलं.

"इथं तिनं नाव नव्हतं घेतलं. नुसती हूं केली होती."

"आता ठरलं असंन ना नाव? घ्या तुमी."

"तिले माईत नव्हतं, जमशेदभाई. मी कसा घेऊ?"

जमशेदनं भरणं पुन्हा चालू केलं. हुंकार त्यांना जमेना. दोनदा ओठ मिटले, गळा हलला, आवाज आला नाही. ते तसेच बसून राहिले आणि पडद्यावरची निळी रेघ जवळजवळ सपाट चालत राहिली. मग पुढचं कडवं त्यांनी नुसतं बोलून दाखवलं, गायलं नाही.

जमशेदनं फाइलला नाव दिलं. साठवली. पेनड्राइव्हवर घेतली, स्वतःच्या यंत्रावर घेतली.

"राह्यलं?" पंजाबरावांनी विचारलं.

"राह्यलं."

"बंद करून चालू करा."

जमशेदनं त्यांच्याकडे पाहिलं. ते चिडून बोलले नव्हते. त्यानं यंत्र बंद केलं. पंखा थांबला. पडद्यात दोघांचे चेहरे दिसले, अंधुक, शेजारी शेजारी. मग त्यानं बटन दाबलं. जुनी डिस्क कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. फार वेळ लागला.

फाइल तिथे होती. त्यानं ती लावली. पंजाबराव स्वतःचा आवाज अनोळखी माणसाचा ऐकावा तसा ऐकत होते. नावाची जागा आली. तिथे शांतता होती आणि त्या शांततेत, रस्त्यावरून गेलेल्या एका एसटीचा हॉर्न भरला गेला होता. भरताना तो कोणालाच ऐकू आला नव्हता.

"हॉर्न काढता येते, दादा," जमशेद म्हणाला.

पंजाबराव कान देऊन होते.

"कारंजा गाडी हाय," ते म्हणाले. "राहू द्या."