आपल्यातलीच ओपल

ओपल रॅन्समने अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली. जॉर्जियातल्या आमच्या मेरोव्हिल गावात रुळांच्या अलीकडे आम्ही काळे राहतो, पलीकडे गोरे. अलीकडचं असं एक घर नाही, ज्यातल्या कुणी तिच्या बसमध्ये बसून ओरडा खाल्लेला नाही. माझं केस करायचं दुकान आहे. दर दुसऱ्या शनिवारी दहा वाजता ती माझ्या खुर्चीत असायची. आम्ही दोघी एकाच वर्गातल्या.

एकदा तिने बसमधल्या बारा वर्षांच्या मुलीला रस्त्यावरची पाटी वाचायला सांगितली. मुलगी आधी हसली, मग रडायला लागली. तिला वाचताच येत नव्हतं. मग ओपलने महिनाभर प्रत्येक थांब्यावर एकेका पोराला पाटी वाचायला लावली. दहातली चार अडखळली. ती शिक्षण मंडळाच्या सभेला गेली. त्यांनी तिला तीन मिनिटं बोलू दिलं आणि आभार मानले. आमच्या वस्तीतल्या पुढाऱ्यांकडे गेली. ते म्हणाले, निवडणूक होऊ द्या, मग बघू. शेवटी तिच्या ओसरीवर येऊन दोन तास कुणी ऐकलं असेल, तर ते ग्रेडी टॉलिव्हरने. गोरा माणूस, ट्रॅक्टर विकायचा, आमच्या तालुक्यातल्या रिपब्लिकनांचा, म्हणजे रुळांपलीकडच्यांच्या पक्षाचा अध्यक्ष. त्याने तिला मंडळाच्या निवडणुकीचं तिकीट दिलं.

"तू त्यांच्याकडून उभी राहणार?" मी कंगवा थांबवून विचारलं.

"मी माझ्याकडून उभी राहणार. तिकीट त्यांचं."

"फरक काय?"

"डेसी, पोरांना शिस्त हवी, आणि शाळा कुठली ते आईबापांनी ठरवावं, हे मी आज म्हणतेय का? माझा बाप हेच म्हणायचा. आणि त्याला मत द्यायला ज्यांनी अडवलं, ते आज आपली अख्खी वस्ती ज्याला मत देते त्याच पक्षाचे होते, विसरलीस?"

शेजारच्या खुर्चीत मिस ल्युसिंडा होत्या, डोक्याला क्लिपा लावलेल्या. त्या म्हणाल्या, "साठ वर्षांपूर्वीचं नको सांगूस बाई. ते सगळे केव्हाच बिऱ्हाड हलवून तुझ्या ग्रेडीच्या अंगणात राहायला गेलेत."

सगळ्या हसल्या. ओपलही हसली. माझ्या दुकानात तिच्यासकट सगळ्या हसल्या, ती वेळ शेवटची.

ती निवडून आली. रुळांपलीकडच्या मतांवर. आमच्या बाजूच्या केंद्रावर तिला एकोणीस मतं पडली. माझं त्यात नव्हतं.

जुलैत त्यांच्या पक्षाचं सहभोजन होतं. तिला पुढच्या रांगेत बसवलं. बाहेरून आलेला वक्ता तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "या बाईंकडे बघा. या रडगाणं गात नाहीत, यांच्यातल्या दुसऱ्यांसारखं हात पसरत नाहीत." लोक उठून टाळ्या वाजवू लागले. ओपलही उठली, तिनेही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक फोनवर ते होतं.

"मला वाटलं ते बसमधल्या माझ्या कामाबद्दल बोलतायत," ती मला म्हणाली. "सगळे उठले म्हणून मी उठले. घरी येऊन पाहिलं, तेव्हा कळलं मी कशाला टाळ्या वाजवल्या."

"मग तसं सांग सगळ्यांना."

"सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं."

चर्चमध्ये ती तीस वर्षं गात आली होती. पाद्री डेनार्ड तिला म्हणाले, "सिस्टर ओपल, काही रविवार तुम्ही विश्रांती घ्या. लोकांचं मन शांत होऊ द्या." ते काही रविवार कधी संपलेच नाहीत. तिची मुलगी रेनिता अटलांटात एका कॉलेजात काम करते. तिला सहकाऱ्यांनी तो व्हिडिओ दाखवला. तिने आईला फोन केला आणि म्हणाली, "ममा, मी आता लोकांना काय सांगू, तू कोण आहेस?" मग दोन महिने फोन नाही.

आणि मी. शनिवारी ती आली की बायका पर्स उचलायच्या. "डेसी, मी नंतर येते." दोन जणी परत आल्याच नाहीत. तेव्हा मी तिला म्हणाले, "ओपल, तू सकाळी सातला येत जा. दुकान उघडायच्या आधी. मागच्या दाराने ये, पुढचं कुलूप असतं."

ती म्हणाली, "माझी आई गोऱ्यांच्या घरी मागच्या दाराने जायची. मी तिला म्हणायचे, मी नाही जाणार. तुझ्या दाराचा विचार तेव्हा केला नव्हता."

तरी ती आली. चार शनिवार आली. मी केस करायचे, ती पैसे ठेवून मागच्याच दाराने जायची. पाचव्या शनिवारी आली नाही. मीही फोन केला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

वसंतात मंडळापुढे ठराव आला, आमच्या बाजूची शाळा बंद करायची. पोरं कमी, इमारत जुनी, मुलांना एकोणीस मैलांवरच्या शाळेत न्यायचं. ग्रेडीची चार माणसं ठरावाच्या बाजूची होती, आणि ओपल पाचवी असं त्याने धरलं होतं. सभेआधी त्याने तिला बाजूला घेतलं. मी मागच्या बाकावर होते, सगळं ऐकू येत होतं.

"मिस ओपल, ती खुर्ची तुम्हाला आम्ही दिली."

"तुम्ही दिलीत ते पोरांना वाचता यावं म्हणून, असं मला वाटलं होतं."

"हे त्यासाठीच आहे. पैसा वाचेल, तो शिक्षकांवर जाईल."

"पहाटे साडेपाचला सहा वर्षांचं पोर थांब्यावर उभं राहिलेलं तुम्ही पाहिलंय? मी अठ्ठावीस वर्षं पाहिलंय."

तिने विरोधात मत दिलं. ठराव चार विरुद्ध तीन असा मंजूर झाला. बाहेर आमचीच माणसं जमली होती, पाट्या घेऊन. मला वाटलं, आता तरी कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवेल. मिस ल्युसिंडा म्हणाल्या, "निकाल ठरलेलाच होता. म्हणून हिला विरोध करायला परवानगी मिळाली." पाट्या धरलेल्या लोकांमधून ती वाट काढत गाडीपर्यंत गेली. कुणी ढकललं नाही, कुणी वाटही दिली नाही. मी पायरीवर उभी होते. माझा पाय उचलला गेला नाही.

पुढच्या निवडणुकीत ग्रेडीने दुसरा उमेदवार उभा केला. उमेदवार कोण ते ठरवायला पक्षाचे मतदार आधी आपसात मत देतात, त्यातच ओपल हरली. आमच्यातलं कुणी तिला मत द्यायला तिकडे जाणार नव्हतंच.

नोव्हेंबरात मी तिच्या घरी गेले. दार उघडलं तेव्हा मी दचकले. तिने कात्रीने स्वतःच केस कापून टाकले होते, अगदी टाळूपर्यंत, कुठे लांब कुठे तोकडे. ओसरीवर बसलो. तिने कॉफी विचारली नाही.

"शनिवारी ये," मी म्हणाले. "दहाला. पुढून."

"आणि शेजारच्या खुर्चीत कोण बसेल?"

"बसेल ज्याला बसायचंय."

"नाही बसणार, डेसी. तुलाही ठाऊक आहे." तिचा आवाज शांत होता, त्याचंच मला भय वाटलं. "मी रागावलेली नाही. मला फक्त कळत नाही, मी कुणाशी बोलायचं. तिकडे गेले तर मी सगळ्या काळ्यांच्या वतीने बोलावं असं त्यांना वाटतं. इकडे आले तर मी काळीच उरत नाही. मला पोरांना वाचता यायला हवं होतं, एवढंच. ती पोरगी आता पंधरा वर्षांची झाली. अजून वाचत नाही."

"ओपल, मी तुला मत दिलं नव्हतं."

"माहीत आहे. एकोणीस जण कोण ते मला माहीत आहे."

ती उठली, आत गेली आणि टीव्ही लावला. मी दोनदा दार वाजवलं. टीव्हीचा आवाज वाढला.

मार्चमध्ये रेनिता ट्रक घेऊन आली आणि तिला दूर टल्सा शहरात ओपलच्या बहिणीकडे घेऊन गेली. मला हे पोस्टमनने सांगितलं. तोवर घराच्या खिडक्यांवर फळ्या ठोकून झाल्या होत्या.