उस्तादांच्या भावाचं वऱ्हाड

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी माझं पोस्टिंग इंजिनिअर रेजिमेंटच्या बोट सेक्शनमध्ये झालं. मी दिघोरीचा. आम्हाला बोट शिकवणारे उस्ताद, हवालदार मेश्राम, जवळच्याच एकोडीचे. एका भागातले म्हणजे फौजेत गाववालेच, म्हणून सवलत मिळेल असं वाटलं होतं. मिळाल्या त्या दुप्पट शिव्या.

सकाळी पीटी, मग बोट ड्रिल, संध्याकाळी इंजिनची सफाई. सफाई चालू असताना उस्ताद गोष्टी सांगत. पुस्तकातले नियम आम्ही परीक्षा झाली की विसरायचो. त्यांच्या भावाचं वऱ्हाड मात्र कुणी विसरलं नाही. वऱ्हाड डोंग्यातून तलाव ओलांडत होतं. काठावर नवरी दिसली, सगळे एका बाजूला उठले आणि डोंगा उलटला. नवरदेव डोक्यावर शेवाळ घेऊन मांडवात शिरला. आम्ही पोट धरून हसायचो.

त्या हिवाळ्यात सीमेवर सुरुंग काढताना उस्ताद गेले. पुढच्या पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला आणि आम्हाला लाखांदूर तालुक्यात पाठवलं.

एका छपरावरची माणसं लेकराबाळांसह बोटीत घेतली. वायरलेसवर विचारणा झाली, "बोट दो, पोझिशन? ओव्हर."

"धार के बीच में. ओव्हर."

इतक्यात एकाला आपला बैल वाहत जाताना दिसला. तो उठला, त्याच्यामागे सगळे उठले. बोट कलली, पाणी आत आलं. मी "बैठ जाओ" म्हणून ओरडलो. कुणी ऐकेना. बोट उलटली असती तर एकही लेकरू हाती लागलं नसतं.

मग मी आपल्या बोलीत ओरडलो, "नवरी पाहाले वऱ्हाड उठलं अन् नवरदेवच बुडला! खाली बसा, सांगतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक म्हातारी आधी बसली. "मंग काय झालं, बापू?"

बाकीचेही बसले. बोट सरळ झाली. काठ येईपर्यंत मी गोष्ट सांगत राहिलो. बैलवाला रडत होता, पण बसून. गेलेला माणूस आमची बोट सावरतोय, असं वाटलं.

पाणी ओसरल्यावर एकोडीला गेलो. उस्तादांच्या आईला सगळं सांगितलं आणि त्यांच्या भावाला भेटायचंय म्हणालो.

"कोनता भाऊ, बापू?" ती म्हणाली. "मले त येकच लेकरू होतं."

पुढे मीही उस्ताद झालो. प्रत्येक बॅचला तीच गोष्ट सांगितली. नवरदेव मात्र मी मेश्राम उस्तादांनाच केलं, आणि दर वेळी त्यांना पाण्यातून सुखरूप बाहेर काढलं.