झोपणाऱ्याचं माप

"साहेब, जरा आडवे व्हा," म्हणत मिस्त्री शर्टाच्या खिशातून खडू काढायचे. तुम्ही म्हणाल, सुताराकडे टेप असतो. यांच्याही कमरेला होता, पण तो भिंतींसाठी. पलंगाचं माप घ्यायला ते माणसालाच जमिनीवर झोपवून भोवती रेघ मारायचे.

खराडीतल्या आमच्या वन बीएचकेत तेव्हा मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी राहायचो. आई गेल्यावर साताऱ्याहून बाबा कायमचे आमच्याकडे यायचे होते. त्यांना झोपवायचं कुठे? आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी तज्ज्ञ झालो. हॉलच्या भिंतीत मिटणारा पलंग करायचा, संध्याकाळी पाडायचा, सकाळी उचलायचा, दिवसभर हॉल मोकळा. रंगीत नकाशाही काढला. त्यात कुंडीसुद्धा होती.

स्वारगेटच्या पलीकडून स्कूटरवर आलेल्या मिस्त्रींनी नकाशा चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला.

"यावर झोपणार कोण?"

बाबा, म्हटलं. मग त्यांना बोलवा, म्हणाले. मी सांगितलं, ते साताऱ्याला आहेत, माझ्याच उंचीचे आहेत, माझं माप घ्या. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. सात पिढ्या पुण्यात काढलेला माणूस असा चष्मा पुसतो, तेव्हा तो बरंच काही बोललेला असतो.

शेवटी ऑफिसच्या कपड्यांत मी फरशीवर पसरलो. रेघ पोटापाशी आली तशी त्यांनी शांतपणे विचारलं, "आत ओढलेलं धरू, की खरं?" नेमका तेव्हाच कुरिअरवाला दारात आला. त्याने खडूची रेघ पाहिली, तिच्यात पडलेला मी पाहिला, आणि सही न घेताच पार्सल ठेवून निघून गेला.

"अजून सांगतो, थांबा," मिस्त्री म्हणाले. "त्यांना येऊ द्या. गुडघे कसे आहेत ते बघू."

माझं डोकं फिरलं. मला पलंग हवा होता, बाबांच्या गुडघ्यांची तपासणी नको होती. सांगितलंय तसंच करा, म्हटलं.

"करतो की. घर आपलं, हौस आपली."

पलंग देखणा झाला. एका हाताने उचलता यायचा, अर्थात माझ्या. बाबा राहायला आले, पण त्यांना तो दोन्ही हातांनी पाडता येईना. आम्ही दोघं ऑफिसात, मुलगी पाळणाघरात. दुपारी पाठ टेकायची तर घरात कोणी नाही. ते दिवसभर दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायचे, पायाशी बॅग. हॉल मात्र नकाशात होता तसा मोकळा.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "तुमचं नीट चाललंय. मी रविवारच्या एसटीने जातो." तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांनी बॅग उघडलीच नव्हती.

मी मिस्त्रींना फोन केला. बोलणी खायची तयारी ठेवली होती. पण त्यांनी आल्यावर पलंगाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ बाबांपाशी गेले.

"दादा, आपल्या स्वतःच्या घरात असता, तर दुपारी कुठे पडला असता?"

बाबांनी संकोचत खिडकीकडे बोट केलं. तिथे माझं कामाचं टेबल होतं, दोन स्क्रीनसकट.

"मग जरा आडवे व्हा."

टेबल सरकवलं. बाबा कुशीवर झोपले, गुडघे पोटाशी घेऊन. मिस्त्रींनी रेघ मारली. ती केवढीशी आली. आणि मी म्हणे त्यांच्याच उंचीचा.

"माझं टेबल कुठे जाणार?" एवढं होऊनही मी विचारलंच.

"भिंतीत. मिटवायची हौस होती ना? आता रोज उचला."

खिडकीखाली न मिटणारा, बुटका पलंग झाला, खाली मोठा ड्रॉवर. रविवारी एसटी गेली. बाबांनी त्या सकाळी बॅगेतले कपडे एकेक करून ड्रॉवरमध्ये लावले.

मिस्त्री दोन वर्षांपूर्वी वारले. गेल्या महिन्यात मुलीला वेगळा पलंग करायचा म्हणून एका कंपनीचा माणूस आला. त्याने भिंतीवर लेझरचा लाल ठिपका सोडला आणि दोन मिनिटांत माप झालं म्हणाला. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

बाबा खिडकीखालच्या पलंगावर उठून बसले.

"अहो, झोपणारी चारला येईल शाळेतून. तोवर चहा घ्या."

मग त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, त्यातून मिस्त्रींचा बोटाच्या पेराएवढा उरलेला खडू काढला आणि माझ्या मिटणाऱ्या टेबलावर ठेवला.